पायपुसणी उचला, मग कुत्र्याला शिकवा



या पानावर लोणच्याच्या बुरशीपासून लेकीच्या पहिल्या रमजानपर्यंत आम्ही पुष्कळ काही लिहिले. कुत्र्यावर लिहायची वेळ येईल असे मात्र वाटले नव्हते. मुसलमान घरात कुत्रा म्हटले की चार भुवया वर जातात, आणि त्यात गैर काही नाही. शिकार, गुरांची राखण आणि शेताची राखण यांसाठी कुत्रा ठेवायची मुभा आहे, बाकी नुसत्या हौसेखातर ठेवला तर रोजच्या नेकीतून वजा होते, ही हदीस आम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा कुत्रा पाळा असे सांगायला आम्ही बसलेलो नाही. पण कधी कधी जनावर आपण आणत नाही, ते आपल्या दारात उरते. अशा उरलेल्या, वयाने मोठ्या झालेल्या, छोट्या जातीच्या कुत्र्याला घरात घाण न करण्याची सवय कशी लावायची, ते आम्ही गेल्या जानेवारीपासून पदरचे खर्चून शिकलो. गेल्या दोन महिन्यांत तिघा वाचकांनी याच धर्तीचे प्रश्न विचारले. एकीच्या घरी मुलीने आणलेला शिह-त्झू आहे, एकाकडे परदेशी गेलेल्या मालकाचा पग. म्हणून आमचीच गोष्ट सांगतो.

आमच्या पनवेलच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहत. आमच्या अम्मींची आणि त्यांची वीस वर्षांची ऊठबस. ईदचा शीरखुर्मा वर जायचा, संक्रांतीचा तिळगूळ खाली यायचा. आजींकडे बंड्या नावाचा पॉमेरेनियन होता, पांढरा, आठेक वर्षांचा, वजन सहा किलोच्या आतबाहेर. शेवटच्या दुखण्यात आजींनी अम्मींचा हात धरून सांगितले, ‘बंड्याकडे बघा.’ अम्मींनी मान हलवली. आजी गेल्या, मुलगा परदेशातून आला, घराला कुलूप लावून आठवड्यात परत गेला. बंड्या पट्ट्यासकट आमच्या दारात.

इथे एक घरगुती गुंता सांगायला हवा. आमच्यातला एक जण दापोलीकडचा, म्हणजे शाफई. दुसरी सोलापूरची, हनफी. अम्मी अर्थातच दापोलीच्या. हनफी मसलकात कुत्र्याची लाळ आणि मलमूत्र नापाक, पण त्याचे कोरडे किंवा ओले अंग लागले म्हणून कपडा नापाक होत नाही. शाफई मसलकात कुत्र्याचा ओलावा कसलाही असो, जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक वेळ मातीने. (मालिकी मसलकात तर कुत्रा मुळात पाकच धरतात, पण मालिकी आमच्या घरात कोणी नाही.) कोरड्या अंगाला कोरडा हात लागला तर दोघांकडेही हरकत नाही, एवढाच काय तो आधार. आम्ही मौलानांना विचारून घेतले. ते म्हणाले, बेवारस जनावराला चांगले घर मिळेपर्यंत खाऊ-पिऊ घालणे, निवारा देणे यात सवाबच आहे. नमाजची जागा आणि भांडी तेवढी जपा. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या मोज्यातून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची गोष्ट त्यांनी मुलांना सांगितली. मुलांनी ती आधीच ऐकलेली होती, पण आता ती सहा किलो वजनाची होऊन समोर बसली होती.

चौथ्या दिवशी व्हायचे ते झाले. असरच्या नमाजसाठी अम्मींनी मुसल्ला अंथरला आणि वुजू करायला गेल्या. परत येईतो बंड्या त्याच्या मधोमध उभा, पाय वर. अम्मी काही बोलल्या नाहीत. मुसल्ला त्यांनी स्वतः सात पाण्यांनी धुतला, त्यातले एक कुंडीतल्या मातीचे. ती माती दापोलीहून आणलेली, जांभ्याची, लाल. हिरव्या मुसल्ल्यावर तिचा डाग आजही आहे. वाळत घालून झाल्यावर म्हणाल्या, ‘शब्द मी दिलाय, म्हणून त्याला हाकलत नाही. पण नमाजच्या जागेवर पुन्हा हे झाले तर मी दापोलीला जाते. मग शब्द तुम्ही सांभाळा.’

आणि दुसरे घर शोधावे तर जो येई त्याचा पहिला प्रश्न एकच: ‘घरात घाण करतो का?’ पहिल्या पंधरवड्यात तीन कुटुंबे येऊन बघून गेली. बंड्या दिसायला गोड. आम्ही खरे उत्तर देत होतो आणि ती मंडळी चहा पिऊन उठत होती. मोठ्या वयाच्या कुत्र्याचे नशीब त्याच्या रूपावर किंवा जातीवर ठरत नाही, या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, हे तेव्हा आम्हाला कळले.

सुरुवातीला आम्ही जे केले ते जवळजवळ सगळे चुकीचे होते, तेही सांगतो. थोरल्याने कुठेतरी ऐकले होते की कुत्र्याचे नाक त्या ओल्यावर घासावे आणि ओरडावे. दोनदा केले. परिणाम असा की बंड्या आमच्यासमोर करेनासा झाला आणि सोफ्यामागे जाऊन करू लागला. त्याने बरोबर धडा घेतला होता: माणसांसमोर करणे धोक्याचे. पुढे त्याला खाली नेले तरी तो आमच्यासमोर करेना, कारण खालीही आम्हीच उभे असायचो! ही भीती घालवण्यात आमचे दोन आठवडे गेले. दुसरी चूक पाण्याची. कमी पाणी दिले की कमी करील, असे एका नातलगांनी सुचवले. सुदैवाने एकच दिवस केले. पाणी तोडले की लघवी दाट होते, आणि छोट्या जातीच्या कुत्र्यांना मूतखडे आधीच लवकर होतात.

हे डॉक्टरांनी सांगितले. खरे तर त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी जायला हवे होते. मोठा कुत्रा घरात वारंवार लघवी करत असेल तर आधी तो आजारी आहे का हे पाहायचे, सवयीचा विचार त्यानंतर. लघवीच्या मार्गातला संसर्ग, खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचे दुखणे, मादी असेल तर गर्भाशयातला पू. यातले काही असेल तर जगातली कुठलीही शिस्त लागू पडत नाही. डॉक्टरांनी लघवीचा नमुना मागितला. जमिनीपासून वीतभर उंचीच्या कुत्र्याचा नमुना कसा घ्यायचा हा विचार करत आम्ही शेवटी लांब दांड्याची एक जुनी पळी कामाला लावली. (तिची पुढची जागा कचऱ्याच्या डब्यात, हे अम्मींनी पळी खाली जाण्याआधीच जाहीर केले होते.) संसर्ग निघाला. औषधाचा कोर्स पूर्ण केल्यावर दिवसाला सात-आठ वेळा होणारे तीन-चारवर आले. त्याच फेरीत रेबीजची लस टोचून घेतली, आणि लेप्टोचीही. लेप्टोचा जंतू जनावराच्या लघवीतून पसरतो, पनवेल-मुंबईच्या पावसात माणसालाही गाठतो. म्हणून पुसताना हातमोजे घालायचे, हा आमच्या घरात त्या दिवसापासूनचा नियम.

उरलेल्या तीन-चार वेळांचे कोडे आम्ही वहीने सोडवले. मुलीच्या अर्ध्या भरलेल्या वहीत चार रकाने आखले: किती वाजता, कुठे, कशावर, त्याआधी काय चालले होते. दहा दिवसांनी ‘कशावर’ हा रकाना वाचला आणि कपाळावर हात मारला. पायपुसणे, पायपुसणे, गालिचा, चटई, जमिनीवर पडलेला टॉवेल, पायपुसणे. उघड्या फरशीवर जवळजवळ नाहीच. अम्मींनी मग सांगितले की आजी अंथरुणाला खिळल्यावर बंड्याला खाली न्यायला कोणी उरले नव्हते. मोलकरीण न्हाणीघराच्या दाराशी एक जुने फडके टाकून ठेवी, तो त्यावर करी, ती दुसऱ्या दिवशी ते बदली. म्हणजे पोराला वळण नव्हते असे नाही. त्याला पक्के वळण होते: कपडा दिसला की तिथे करायचे. मुसल्ला त्याच्या दृष्टीने सगळ्यात चांगला, मऊ आणि स्वच्छ कपडा होता.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हा फरक ध्यानात ठेवा. पिल्लाची पाटी कोरी असते. मोठ्याच्या पाटीवर आधीच्या घराचे काहीतरी लिहिलेले असते, आणि ते काय आहे हे आधी वाचावे लागते. कोणी वर्तमानपत्रावर करायला शिकलेला असतो, तो तुमच्या सकाळच्या पेपरवर करणार. विक्रीसाठी पिल्ले काढणाऱ्यांकडे सदा पिंजऱ्यात राहिलेला असेल तर तो झोपतो तिथेच करायला शिकलेला असतो. त्याला सगळ्यात जास्त दिवस लागतात, आणि त्याच्यावर सगळ्यात कमी रागवावे. काही वर्षांपूर्वी एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि घरोघरी पग आले. हौस फिटल्यावर त्यातले किती इकडून तिकडे फिरले असतील! प्रत्येक घराचे वेगळे वळण घेऊन. आधीच्या घरी विचारायची सोय असेल तर लाज न धरता विचारा: कुठे करायचा, केव्हा, कशावर, आणि काय म्हटल्यावर. हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नाही. त्याचे पुढे सांगतो.

तर त्या रात्री आम्ही घरातले सगळे पायपुसणे, गालिचे, चटया उचलल्या आणि माळ्यावर टाकल्या. फरशीवर चिंधीही नाही. अम्मींचा मुसल्ला नमाज होताच घडी होऊन कपाटात. हॉलमधून अम्मींच्या खोलीत जायच्या दाराला मुलांच्या लहानपणीची लाकडी जाळी लावली. बंड्याचा मुक्काम मागच्या गॅलरीत, त्याच्या पाटीत. आणि हॉलमध्ये येईल तेव्हा पट्ट्याची दोरी कोणाच्या तरी हातात, नाहीतर कमरेला. नजरेआड एक मिनिट नाही. छोट्या कुत्र्यांचे नेमके इथेच बिघडते. लॅब्रेडोरने घरात केले तर तळे होते, सगळे घर जागे होते. सहा किलोच्या कुत्र्याचे असते वाटीभरसुद्धा नाही. सोफ्याखाली वाळून जाते, कोणाला पत्ता नसतो, आणि कळले तरी ‘एवढेसे तर आहे’ म्हणून आपण पुसून मोकळे होतो. त्याची सवय मात्र दर वाटीगणिक पक्की होत जाते.

वेळापत्रकाने आम्हाला फारसा त्रास दिला नाही, कारण नमाजी घरात वेळापत्रक आधीच असते. छोट्या कुत्र्याचे मूत्राशयही छोटे. सुरुवातीला दिवसा दर दोन तासांनी, शिवाय झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत आणि रात्री निजण्यापूर्वी, एवढ्या वेळा खाली नेले. हळूहळू ते पाच फेऱ्यांवर आले: फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा, प्रत्येकीच्या अजानआधी वीस मिनिटे. आधी, कारण नंतर हातपाय धुऊन, कपडे बदलून वुजू करता येते. दाराशी एक खुंटी ठोकली आणि कुत्र्याचा सदरा-लेंगा तिथेच टांगला. तो घालून खाली, वर आलो की खुंटीवर. मशिदीत जायचे कपडे वेगळे. ज्यांच्या घरी पाकीचा प्रश्न आहे त्यांनी एवढे केले तरी निम्मा वाद मिटतो. फजर ऋतूप्रमाणे मागेपुढे होते, पण ती दिवसाला अर्ध्या-एक मिनिटाने सरकते. कुत्र्याच्या पोटाला ते समजतही नाही. जेवणही दोनच वेळा, ठरल्या घटकेला, पंधरा मिनिटांनी ताटली उचललेली. आत जाणारे वेळेवर गेले की बाहेर येणारे वेळेवर येते.

खाली नेले म्हणजे झाले असेही नाही. आमच्या गल्लीत चार भटकी कुत्री आहेत, अंगाने बंड्याच्या तिप्पट. पहिले कित्येक दिवस आम्ही त्याला फाटकाबाहेर वीस मिनिटे फिरवून वर आणायचो आणि तो गॅलरीत पाय ठेवताच करायचा. आम्ही म्हणायचो, लबाड आहे. लबाड कसला, घाबरलेला होता. चार गुंड बघत असताना कोणाला होईल? मग फाटकाबाहेर जाणेच सोडले. इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ कुंपणाशी मातीचा एक पट्टा आहे, तिथे नेऊ लागलो. जिन्यात वाटेतच सोडू नये म्हणून भाजीच्या प्लास्टिकच्या टोपलीत बसवून. रोज तीच जागा, पट्टा आखूड, आम्ही झाडासारखे उभे, बोलायचे नाही, खेळायचे नाही. पाच मिनिटांत झाले नाही तर वर, हातात दोरी, आणि दहा मिनिटांनी पुन्हा खाली. झाले की तिथल्या तिथे, दोन श्वासांच्या आत, उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. वर येऊन दिलेला तुकडा त्याला जिना चढल्याचा वाटतो. आणि झाल्यावर लगेच वर आणायचे नाही, थोडे हुंगू द्यायचे. नाहीतर तो शिकतो की केले की फिरणे संपते, आणि मग धरून ठेवतो. विष्ठा मात्र कागदात उचलून पिशवीत. शेजारी आपले, कुंपण सगळ्यांचे.

आम्ही त्याला ‘शू कर, शू कर’ म्हणत असू. तो मान वाकडी करून बघे. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी अम्मी खिडकीतून हे बघत होत्या. वरूनच म्हणाल्या, ‘ती त्याला मोकळा हो म्हणायची.’ वीस वर्षांत किती संध्याकाळी त्या आजींबरोबर खाली उतरल्या असतील, आणि आम्ही त्यांना एकदाही विचारले नव्हते. आम्ही म्हटले, ‘बंड्या, मोकळा हो.’ त्याने वळून आमच्याकडे पाहिले, जरा वेळ पाहिले, आणि कुंपणाशी जाऊन झाला मोकळा. त्या रात्री अम्मी नेहमीपेक्षा कमी जेवल्या.

धुण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण अर्धी लढाई तिथे आहे. आम्ही आधी फिनेल टाकायचो. माणसाच्या नाकाला जागा स्वच्छ वाटते. कुत्र्याच्या नाकाला फिनेलही येते आणि त्याखालचा जुना वासही येतो, आणि वास आहे म्हणजे जागा हीच. शिवाय फिनेल त्याच्या पंजांना आणि चाटण्यातून पोटाला वाईट. अमोनियाची पुसणी तर टाळाच, तिचा वास लघवीच्या जवळचा. हे करा: ओले आहे तोवर कागदाने टिपून घ्या, घासू नका, मग भरपूर पाणी, मग साबणाची पूड, पुन्हा पाणी. गादी, सोफा, लाकडाच्या फटी अशा मुरणाऱ्या जागी जनावरांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे द्रव वापरा. ते वासाचे मूळच फोडते. आटलेल्या लघवीतले स्फटिक साध्या धुण्याने जात नाहीत आणि पावसाळी दमट हवेत पुन्हा वास मारतात. अम्मींच्या खोलीत अर्थात सात पाणी आणि त्यातले एक मातीचे. हॉलमध्ये तीन पाण्यांवर भागले. खरे सांगायचे तर फिनेलने जे झाले नाही ते अम्मींच्या सात पाण्यांनी झाले. त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी त्याने एकदा केले होते, तिथे परत कधी गेला नाही.

चौकटीच्या लाकडावर किंवा नव्या आलेल्या पिशवीवर पाय वर करून चार थेंब टाकणे हे प्रकरण वेगळे. ती सही असते. पोट मोकळे करणे नव्हे. नर कुत्र्यात ती जास्त दिसते. डॉक्टरांनी नसबंदी सुचवली, पण या वयात सवय मुरलेली असते, फरक पडेलच असे नाही, हेही सांगितले. आम्ही नव्या पिशव्या उंचावर ठेवायला शिकलो. आणि एक तिसरा प्रकार: कोणी मोठ्या आवाजात अंगावर गेले की काही छोटी कुत्री दबून, पोट टेकून तिथेच सोडतात. ती भीती आहे. तिथे ओरडलात तर आणखी होईल. खाली बसा, बाजूने हात पुढे करा, गप्प राहा.

रमजान आला तेव्हा बंड्या दहा दिवस कोरडा होता. सहेरीला सगळे घर जागे, त्यामुळे पहाटेची फेरी अगदी सुखाची झाली. घोळ झाला इफ्तारला. अजानच्या क्षणी सगळ्यांची नजर खजुरावर, दोरी कोणाच्याच हातात नाही, आणि धाकटीची ओढणी जमिनीवर लोळत होती. कपडा दिसला! पुढच्या दिवसापासून इफ्तारच्या आधी वीस मिनिटे तो खाली जाऊन आला आणि दस्तरखान उठेपर्यंत गॅलरीत राहिला. ईदपर्यंत वहीत दोनच खुणा, एप्रिलमध्ये एक. मेमध्ये आम्ही पाहुण्यांना छाती काढून सांगू लागलो, आणि मेच्या शेवटी बकरी ईदसाठी आवारात बोकड आले. ज्या ज्या खांबाला बोकड बांधला होता त्या त्या खांबावर बंड्याची सही, आणि ती झिंग घरातही टिकली. सवय मोडली असे समजून आम्ही हताश झालो होतो, पण तीन दिवस पुन्हा पहिल्या पायरीवर गेलो (दोन तासांनी खाली, दोरी कमरेला) आणि गाडी रुळावर आली. पाहुणे, फटाके, घर बदलणे, घरातल्या कोणाचे आजारपण, काहीही झाले की असे घसरते. तेव्हा नवे काही करायचे नसते, जुनेच पुन्हा करायचे असते.

जूनच्या पावसाने मात्र खरी परीक्षा घेतली. वीतभर उंचीच्या कुत्र्याचे पोट ओल्या गवताला टेकते. टोपलीतून उतरवले की बंड्या एक पंजा वर धरून आमच्याकडे बघायचा, म्हणजे हे तुमचे काम आहे, माझे नव्हे. आम्ही जिन्याखालच्या पत्र्याच्या आडोशाला मातीची एक जुनी पाटी ठेवली, तिच्यात कुंपणाजवळचीच माती भरली. ओळखीचा वास, पायाखाली कोरडे. दोन दिवसांत जमले. वर आणल्यावर त्याला जुन्या पंचाने कोरडा करायचा, कारण ओल्या कुत्र्याचा प्रश्न आमच्या घरात साधा प्रश्न नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांच्या ओळखीने नवीन पनवेलहून एक निवृत्त जोडपे आले. पहिला प्रश्न तोच. आम्ही त्यांच्यासमोर वही ठेवली. बाईंनी चष्मा लावून सगळी पाने वाचली, बकरी ईदचीसुद्धा. दुसऱ्यांदा आले तेव्हा टोपली घेऊन आले. आम्ही त्यांना वेळा लिहून दिल्या, जेवण लिहून दिले, कुंपणाजवळची पिशवीभर माती दिली, आणि बजावले की नवे घर त्याला नवेच आहे. पहिले पंधरा दिवस तो पिल्लू समजा, आणि जमिनीवरचे सगळे कपडे उचला. अम्मी आतून बाहेर आल्या नाहीत. बंड्याला नेताना मुले रडली, ते वेगळे.

त्याच रात्री दहाला फोन. केले. आम्ही विचारले, ‘पायपुसणी उचललीत का?’ उचलली होती, न्हाणीघराच्या दारापुढची एक तेवढी राहिली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वासहाला पुन्हा फोन: खाली नेला आहे, तुमची माती टाकली आहे, दहा मिनिटे झाली, नुसता उभा आहे, शब्द म्हणून झाला, ऐकत नाही. अम्मी फजर आटोपून तस्बीह ओढत बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, फोन घेतला, आणि म्हणाल्या, ‘त्याच्या कानाशी धरा.’ मग जरा मोठ्याने, ‘बंड्या, मोकळा हो रे.’

पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग बाईंचा आवाज आला: झाला म्हणे. अम्मींनी फोन आमच्या हातात दिला आणि सांगितले, ‘त्यांना म्हणावे, चिकन लगेच द्या. वर गेल्यावर नको.’